थांबा जरा, तो बोलतोय

शनिवार सकाळ ही आयटीवाल्यांनी झोपण्यासाठी राखून ठेवलेली वेळ आहे, असा माझा परवापरवापर्यंत ठाम समज होता. शनिवारी साडेआठला फोन वाजला, तर एक म्हणजे प्रॉडक्शन सर्व्हर आडवा झालाय किंवा दुसरं म्हणजे ताईला काहीतरी काम आहे. गेल्या जूनमधल्या एका शनिवारी दुसरा प्रकार घडला. ताई बँकेत, त्यामुळे तिचे काही शनिवार कामाचे. भावजींचं दुकान, म्हणजे शनिवार-रविवारच धंद्याचे. आख्ख्या खानदानात पाच दिवसांचा आठवडा असलेला माणूस एकच, तो म्हणजे मी. तेव्हापासून दर शनिवारी दहा वाजता भाचेबुवांना स्पीच थेरपीला नेणं आणि आणणं हे खातं माझ्याकडे आहे.

(भाचेबुवांचं खरं नाव लिहीत नाही. परवानगी मागितली होती. 'नको' म्हणाले. पहिल्या झटक्यात, अजिबात न अडखळता!)

भाचेबुवा चौथीत आहेत. क्रिकेट, डायनोसॉर आणि मेट्रो या तीन विषयांवर तासभर बोलू शकतात. अडखळत बोलतात, म्हणजे तोतरे आहेत. कधी पहिलं अक्षर चार वेळा येतं, कधी एकच अक्षर लांबतं, आणि कधी तर तोंड उघडं, मान ताणलेली आणि आवाजच नाही. हा तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. बघणाऱ्याला वाटतं पोरगं विसरलं. पोरगं काही विसरलेलं नसतं. शब्द अगदी दारात उभा असतो, दारच उघडत नाही.

हे मला इतक्या खात्रीने कसं माहीत? कारण मीही तोतरा आहे. आता कमी, पण आहे.

माझा शत्रू 'क'. शाळेत असताना मला बसने कोथरूड डेपोला उतरायचं असायचं. कंडक्टर समोर येऊन उभा राहिला की 'कोथरूड' काही केल्या निघायचं नाही. मागे पाच माणसं तिकिटासाठी हात पुढे करून उभी. मग मी 'वनाज' म्हणायचो, वनाजला उतरायचो आणि उरलेलं अंतर दप्तर घेऊन चालायचो. घरी कुणाला पत्ता नव्हता. कॅन्टीनमध्ये मी आजही बऱ्याचदा चहा घेतो. मला कॉफी आवडते.

तोतऱ्या माणसाचा शब्दसंग्रह दांडगा असतो म्हणतात, त्याचं कारण हे आहे. आम्ही बोलता बोलता तीन शब्द पुढचं बघत असतो. पुढे खड्डा दिसला की गल्ली बदलायची. 'पुस्तक' अडणार असं वाटलं की 'ते वाचायला दिलं होतंस ना, ते' म्हणायचं. पण काही शब्दांना पर्यायी रस्ता नसतो. त्यातला पहिला म्हणजे स्वतःचं नाव. नव्या क्लायंटच्या कॉलवर 'चला, सगळ्यांनी एकेक करून ओळख करून द्या' हे वाक्य आलं की तुम्ही मेल चेक करत असता आणि मी माझ्यापर्यंत किती माणसं उरलीत ते मोजत असतो.

असो. विषय भाचेबुवांचा आहे.

तो चार वर्षांचा असताना पहिल्यांदा अडखळायला लागला. तेव्हा आमच्या आईने (म्हणजे त्याच्या आजीने) निदान केलं, "मामाची नक्कल करतोय. मामा समोर कमी बोलेल तर बरं." यात तिचा काही दुष्टपणा नव्हता. तिच्या लहानपणापासून तिने हेच ऐकलेलं. पण त्यानंतर जवळजवळ दोन महिने मी ताईकडे गेलो नाही. कामाचं कारण सांगत राहिलो. मनातून वाटत होतं की हे माझ्यामुळे लागलंय, सर्दी लागते तसं.

आता माहीत आहे की असं काही नसतं. नक्कल केल्याने तोतरेपणा येत नाही, गुदगुल्या केल्याने येत नाही, घाबरल्याने येत नाही. बोलताना ओठ, जीभ, श्वास आणि आवाज यांना मेंदूने क्षणाक्षणाला जे टायमिंग द्यावं लागतं, त्या यंत्रणेत फरक असतो. तो पुष्कळदा घराण्यात चालत येतो. २०१० साली संशोधकांनी तोतरेपणाशी संबंध असलेली काही जनुकं पहिल्यांदा दाखवून दिली, तीही पाकिस्तानातल्या कुटुंबांच्या अभ्यासातून सुरू झालेल्या कामात. म्हणजे भाचेबुवांना माझ्याकडून काही आलंच असेल, तर ते माझं बोलणं ऐकून आलेलं नाही. नाक आलंय तसंच आलंय. दोन महिने फुकट घालवले मी.

थोडे आकडे देतो, इंजिनिअर आहे, राहवत नाही. लहानपणी, साधारण दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान, शंभरातली पाचेक मुलं काही काळ अडखळतात. त्यातल्या बहुतेकांचं आपोआप थांबतं. मोठ्यांमध्ये हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास येतं, आणि त्यात पुरुष बायकांच्या कितीतरी पट जास्त. म्हणजे हजार मुलांच्या शाळेत अशी दहाएक मुलं असणार. तुमच्या वर्गातही होतं की एखादं! आठवा. नाव आठवत नसेल तर ते पोरगं गप्प राहण्यात यशस्वी झालं असं समजा.

आमच्याकडे उपाय भरपूर झाले. माझ्यावर झाले तेच त्याच्यावर. वेखंड मधात उगाळून जिभेला लावणं. तोंडात सुपारी धरून मोठ्याने वाचणं. कुणीतरी सांगितलं जिभेखालची शीर कापून घ्या (सुदैवाने डॉक्टर शहाणे निघाले). आणि सगळ्यात लोकप्रिय, बिनखर्चाचा उपाय म्हणजे "सावकाश बोल. दीर्घ श्वास घे. घाबरू नकोस." हे सांगणाऱ्या प्रत्येकाचा हेतू चांगला असतो. पण मुलाच्या कानात काय पडतं? 'तू काय बोललास ते मी ऐकलं नाही, कसं बोललास ते ऐकलं.' डायनोसॉरबद्दल काहीतरी भन्नाट सांगायला आलेलं पोर तिथेच विझतं.

आपल्या भाषेचंही बघा. कुणी गडबडलं की आपण म्हणतो 'त्याचं त-त-प-प झालं'. चोरी पकडली गेली, त-त-प-प. खोटं उघडं पडलं, त-त-प-प. म्हणजे अडखळणारा माणूस एक तर घाबरलेला नाही तर खोटारडा, हे आपण मुलांना म्हणींतूनच शिकवतो. मग वर्गात कुणी अडखळलं की बाकीची हसतात, यात नवल काय!

आता एक गंमत सांगतो. भाचेबुवांच्या शाळेत रोज परिपाठ असतो. प्रतिज्ञा सगळ्यांबरोबर म्हणताना हा अजिबात अडखळत नाही. पाढे चालीवर म्हणताना नाही. गाणं म्हणताना नाही. घरी मांजराशी बोलताना तर एफएमचा निवेदक. आणि त्याच परिपाठात, त्याच माईकसमोर 'आजचा दिनविशेष' एकट्याने वाचायचा म्हटलं की पहिल्याच शब्दाला गाडी बंद. आम्ही कोड लिहिणारे लोक याला म्हणतो, 'माझ्या मशीनवर तर चालतंय!'

ही भाचेबुवांची खासियत नाही. बहुतेक तोतऱ्या माणसांचं असंच असतं. समूहात एका सुरात म्हणताना, गाताना, एकटं असताना अडखळणं जवळजवळ नाहीसं होतं. पण बघणाऱ्यांना नेमका इथेच गैरसमज होतो. 'बघा, तेव्हा बरोबर बोलला की! म्हणजे मनावर घेतलं तर जमतं.' माझ्या आयुष्यात मला सगळ्यात जास्त कुठल्या वाक्याने छळलं असेल तर याच. मनावर घेणं हाच तर आमचा मुख्य उद्योग आहे हो. दिवसभर दुसरं काही मनावर घेतच नाही.

तर, शाळा.

माझ्या वेळचे एक सर मला मुद्दाम उभं करायचे. 'वाच, वाच, सवय होईल.' वर्ग हसायचा. मग नंतरच्या एका बाईंनी दया येऊन मला वाचायला सांगणंच बंद केलं. माझ्या पुढच्याचा नंबर व्हायचा, मग थेट माझ्या मागच्याचा. खरं सांगतो, मला स्वर्ग मिळाला. त्या बाई मला देवासारख्या वाटायच्या. हळूहळू मी उत्तर येत असूनही हात वर करणं सोडलं. मग प्रश्न विचारणं सोडलं. मग स्नेहसंमेलन, मग वादविवाद, मग मधल्या सुट्टीतला दंगा. दहावीपर्यंत मी 'हुशार पण अबोल' म्हणून प्रसिद्ध झालो. इंजिनिअरिंगला गेलो त्यातही एक हिशोब होता, कॉम्प्युटरशी बोलावं लागत नाही. (हा हिशोब पहिल्या डेली स्टँड-अपला साफ चुकला. :))

मागच्या दिवाळीनंतर भाचेबुवांच्या वर्गात तेच सुरू झालं. बाई अतिशय चांगल्या आहेत, मुलांवर माया करतात. वाचनाच्या तासाला त्यांनी त्याचा नंबर गाळायला सुरुवात केली. तोंडी परीक्षेत त्याला न विचारताच 'बरे' गुण देऊन टाकले. ताईला हायसं वाटलं. मलाही आधी वाटलं. गाडीवरून परत येताना मी त्याला म्हटलं, "बरंय की मग, टेन्शन गेलं."

मागून बराच वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं अडकलाय, म्हणून थांबलो. पण अडकला नव्हता, विचार करत होता. मग म्हणाला, "मामा, बाईंनी मला विचारणंच बंद केलंय. मला कविता प-प-पाठ आहे."

सिग्नल सुटला तरी मी दोन सेकंद तसाच उभा. मागच्या रिक्षावाल्याने माझा यथोचित उद्धार केला.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि त्यासाठीच हा सगळा लेखनप्रपंच. तोतऱ्या मुलाला सक्तीने उभं करणं ही क्रूरता आहे हे आता बऱ्याच जणांना पटलंय. पण त्याला कायमचं बसवून ठेवणं हीसुद्धा क्रूरताच आहे. फक्त ती मऊ असते, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. पोराच्याही नाही.

अमेरिकेत १९३९ साली आयोवा विद्यापीठात एक प्रयोग झाला. वेंडेल जॉन्सन हे स्वतः तोतरे असलेले मोठे संशोधक, त्यांच्या विद्यार्थिनीने तो केला. अनाथाश्रमातली २२ मुलं घेतली. त्यातल्या काही चांगल्या बोलणाऱ्या मुलांना सतत सांगण्यात आलं की तुमचं बोलणं बिघडलंय, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका. नंतर या प्रयोगाला 'मॉन्स्टर स्टडी' असं नाव पडलं, आणि २००१ मध्ये विद्यापीठाने जाहीर माफी मागितली. प्रयोग भयंकरच. पण त्यात काय निघालं ते बघा. ती मुलं काही खरीखुरी तोतरी झाली नाहीत. पण त्यातली बरीच कमी बोलायला लागली, लाजायला लागली, अभ्यासात मागे पडली. बोलण्यावर सतत बोट ठेवल्याने अडखळणं येत नाही. गप्प बसणं येतं. आणि अडखळण्यापेक्षा ते कितीतरी महाग पडतं.

आता थेरपीबद्दल. माझी कल्पना अशी होती की मॅडम जिभेचे व्यायाम घेतील, वीस सेशन होतील आणि बग फिक्स. पहिल्याच दिवशी मॅडमनी माझी शिकवणी घेतली. म्हणाल्या, चौथीतल्या मुलाचं अडखळणं पूर्ण जाईल असं वचन मी देणार नाही. जो देईल त्याच्याकडे जाऊ नका. अगदी लहान, सहा वर्षांच्या आतल्या मुलांचं बरंच काही करता येतं. ऑस्ट्रेलियात तयार झालेला लिडकम्ब प्रोग्रॅम आहे, त्यात थेरपिस्टच्या देखरेखीखाली आईवडीलच रोज घरी सराव घेतात. म्हणून लहानपणी 'मोठा झाला की जाईल' म्हणून वर्षानुवर्षं थांबू नये. सहा महिने, वर्ष झालं तरी अडखळणं चालू आहे, घरात आणखी कुणी तोतरं आहे, किंवा बोलताना मूल तोंड-मान ताणतंय असं दिसलं तर दाखवून घ्यावं. (आम्ही पाच वर्षं घालवली. हेही लिहून ठेवतो.)

मग मोठ्या मुलांना काय शिकवतात? एक भाग तंत्राचा. 'प', 'ब', 'म' म्हणताना ओठ आपटायचे नाहीत, अलगद टेकवायचे. स्वराची सुरुवात धक्क्याने करायची नाही, हवा थोडी सोडून आवाज त्यावर हळूच ठेवायचा. वाक्याचे छोटे तुकडे करायचे. अडकलंच तर जोर लावून दार फोडायचं नाही, तिथेच सैल सोडून, सोपं अडखळत बाहेर यायचं. हा 'अडखळा, पण सोपं अडखळा' विचार चार्ल्स व्हॅन रायपर यांचा. तेही स्वतः तोतरेच.

दुसरा भाग भीतीचा. जोसेफ शीहान यांनी तोतरेपणाला हिमनगाची उपमा दिली होती. ऐकू येतं ते फक्त वरचं टोक, पाण्याखाली लाज, भीती आणि टाळाटाळ. आणि त्या पाण्याखालच्या भागासाठी मॅडमनी जानेवारीत एक गृहपाठ दिला. दोघांनी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात जायचं आणि मुद्दाम अडखळायचं. हो, मुद्दाम!

भाचेबुवा आधी तयार नव्हते. मग त्यांनी अट घातली, "आधी तू." आली का पंचाईत! आख्खं आयुष्य मी जे लपवण्यात घालवलं ते दुकानात जाऊन हौसेने करायचं. काउंटरवर काका पेपर वाचत होते. मी म्हटलं, "का-का-का-कार्डपेपर आहे का?" काका वर न बघता म्हणाले, "कुठल्या रंगाचा?" बस्स. एवढंच झालं. पृथ्वी दुभंगली नाही. मग भाचेबुवा पुढे झाले आणि त्यांनी 'कंपास'चा 'क' इतका लांबवला की मलाच हसू आलं. काकांनी पेपर खाली ठेवला, थांबले, त्याचं पूर्ण होऊ दिलं आणि कंपास काढून दिली. बाहेर आल्यावर भाचेबुवा म्हणाले, "काका थांबले." दिवसभर तेच. संध्याकाळी ताईला सांगितलं, आजीला सांगितलं. "काका थांबले."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी इतकी वर्षं बग सर्व्हरमध्ये शोधत होतो. सर्व्हर कधीकधी स्लो आहे, मान्य. पण उत्तर बरोबर येतं. आपणच टाईमआऊट दोन सेकंदांचा ठेवलाय. दोन सेकंदांत उत्तर आलं नाही की आपण वाक्य पूर्ण करून देतो, मान फिरवतो, किंवा पुढचा नंबर पुकारतो. थेरपी आठवड्यातून पाऊण तास. शाळा आठवड्यातून तीस तास. टाईमआऊट जिथे आहे तिथेच वाढवायला हवा.

म्हणून फेब्रुवारीत मी आणि ताई शाळेत गेलो, मॅडमची चिठ्ठी घेऊन. कायद्याचा काही आधार मिळतो का तेही पाहून ठेवलं होतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषेचं दिव्यांगत्व आहे, पण व्याख्येत उदाहरणं स्वरयंत्र काढल्याची आणि अफेजियाची. तोतरेपणाचं नाव नाही. तेव्हा भांडणात अर्थ नव्हता, बोलूनच काय ते करायचं होतं. आणि बोलायला गेलो कोण, तर मी!

बाईंनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "अहो, वर्गात पंचावन्न मुलं आहेत. पस्तीस मिनिटांची तासिका. आणि हा अडकला की त्याचा चेहरा बघवत नाही मला." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी त्यांच्या जागी असतो तर कदाचित हेच केलं असतं. पण मग आम्ही हिशोब मांडला. त्याला जास्तीचा वेळ लागतो तो दर वेळी फार तर एक मिनिट. आठवड्यातून दोनदा वाचन म्हणजे दोन मिनिटं. एवढी तर खडू शोधण्यात जातात. (हे बाईच म्हणाल्या, मी नाही.)

मग जे ठरलं ते इथे देतो, कारण तुमच्यापैकी कुणाची बहीण, बायको, आई शिक्षिका असेल. यात नवीन शोध काही नाही, जगभर थेरपिस्ट हेच सांगतात.

त्याचा नंबर गाळायचा नाही, पण वर्गासमोर अचानक उभंही करायचं नाही. आदल्या दिवशी एकट्याला विचारायचं, उद्या वाचशील का? तो 'नाही' म्हणाला तर त्या दिवशी नाही, पण पुढच्या आठवड्यात परत विचारायचं. सुरुवातीला बाकावरच्या मित्राबरोबर दोघांनी मिळून एका सुरात वाचायचं, मग मित्राने हळूहळू आवाज कमी करायचा. वाचन असेल तेव्हा त्याचा नंबर पहिल्या तिघांत, कारण वाट बघण्यातच अर्धा जीव जातो. हजेरीला हात वर केला तरी चालेल. तोंडी परीक्षा घ्यायची, पण घड्याळ न लावता, आणि गुण उत्तराला द्यायचे, वेगाला नाही. अडकला तर शब्द पुरवायचा नाही, 'सावकाश' म्हणायचं नाही, त्याच्याकडे नेहमीसारखं बघत थांबायचं. आणि कुणी नक्कल केली तर तिथल्या तिथे थांबवायचं, जसं कुणाच्या चष्म्यावरून चिडवलं तर थांबवाल तसं.

यावर ऑफिसातल्या एका मित्राचं म्हणणं असं की, "अरे, पुढे जग थोडंच थांबणार आहे? शाळेने लाड केले तर बाहेर काय करेल?" प्रश्न रास्त आहे. पण 'जग' म्हणजे कोण रे बाबा? जग म्हणजे तू आणि मी.

हे मी कुठल्या तोंडाने म्हणतोय तेही सांगतो. मागच्या वर्षी एका कॉलेजात कॅम्पस इंटरव्ह्यू घ्यायला आमच्या टीममधून दोघं गेलो होतो. एक मुलगा आला. दुसऱ्याच प्रश्नाला त्याचा जबडा अडकला. मला लगेच ओळखता आलं. डेडलॉकवरचा प्रश्न होता. त्याने वेळ घेतला, पण दिवसभरात ऐकलेलं सगळ्यात नेमकं उत्तर त्याचं होतं. तो बाहेर गेल्यावर माझ्या सीनिअरने कागदावर लिहिलं, 'टेक्निकल चांगला, कम्युनिकेशन वीक.' आणि कागद माझ्याकडे सरकवला.

मी सही केली.

त्या वेळी मी अडखळत नव्हतो. शब्द एकही अडला नव्हता. नुसता गप्प बसलो, कारण बोललो असतो तर 'तुला कसं माहीत?' हा प्रश्न आला असता, आणि टीममध्ये कुणाला माझं माहीत नव्हतं. गप्प बसण्याची इतकी प्रॅक्टिस झालेली माणसं शाळा अशी तयार करते. त्या मुलाचं नावही मला आता आठवत नाही.

हे लिहून झालं की निदान टीमला तरी माहीत असेल.

तेव्हा विनंती एवढीच. घरात, ओळखीत असं मूल असेल तर जाहिरातींच्या नादी लागू नका. सात दिवसांत तोतरेपणा बरा करणारे आजही भिंतीभिंतीवर आहेत. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला थेरपिस्ट शोधा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, नायर रुग्णालयात विभाग आहे, पुण्यातही मोठ्या रुग्णालयांत सोय असते. मोठ्यांसाठी 'द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन'चे स्वमदत गट चालतात. मी अजून गेलेलो नाही. जाणार आहे, असं इथे लिहिलं म्हणजे आता जावं लागेल. आणि यातलं काहीच जमणार नसेल, तर जेव्हा कुणी अडखळेल तेव्हा दोन सेकंदांऐवजी दहा सेकंद थांबा. फुकट आहे, नोंदणी लागत नाही.

जाता जाता भाचेबुवांचा रिपोर्ट. मार्चमध्ये एका सोमवारी त्यांनी स्वतःहून परिपाठात दिनविशेष मागून घेतला. चार ओळी होत्या. संध्याकाळी फोन आला. तो अडखळत सांगत होता, मी थांबलो होतो.

"मामा, तीन ठिकाणी अडलो. म-म-मागच्या रांगेतला एक हसला. पण सगळं वाचलं."

"मग बाई काय म्हणाल्या?"

"काही नाही. म्हणाल्या, बस खाली. सगळ्यांना म्हणतात तसंच."

एवढं बोलून त्याने फोन ठेवला. मॅच सुरू व्हायची होती.